सटवीचे लेखन आणि आपला निर्णय

(वर्षावास प्रवचनमालेत बोईसर येथे दिलेल्या भाषणाचा सारांश)



माझ्या जन्मानंतर पाचव्या रात्री आजीने पाटावर कोरा कागद आणि पेन ठेवले होते. घरात धम्मदीक्षा झाली होती, तरी आजीची पाचवी सुटली नव्हती. सटवी येते आणि बाळाचे नशीब लिहून जाते, ही तिची समजूत. सकाळी कागद कोराच होता, असे आई आजही हसत सांगते.

हे आठवण्याचे कारण घरातलेच आहे. माझा मुलगा बारावीत नापास झाला. "पप्पा, नशिबातच नव्हतं," म्हणाला आणि पुरवणी परीक्षेचा फॉर्म भरीना. तेव्हा मनात प्रश्न आला, जे व्हायचे ते कोणाला आधीच ठाऊक असेल तर माणसाच्या हाती उरते काय?

काही विद्वान म्हणतात, देवाला ठाऊक असणे म्हणजे देवाने करविणे नव्हे. वरवर हे पटते. मी बँकेच्या काउंटरवर बसतो. कर्जाचा हप्ता कोण चुकवणार, हे मला बहुधा आधीच कळते. पण मला कळले म्हणून तो चुकत नाही. मात्र माझा अंदाज कधी कधी फसतो. ज्याची आशा सोडली तोच शेवटच्या दिवशी पैसे भरून जातो. सर्वज्ञ ईश्वराचे ज्ञान तर फसूच शकत नाही. मग त्या माणसापुढे दुसरी वाट खरोखर मोकळी होती, असे कसे म्हणावे?

अंगुत्तर निकायात भगवान बुद्धांनी तीन मते तपासली आहेत. सर्व सुखदुःख पूर्वकर्माने होते, ईश्वराने होते किंवा विनाकारण होते. या तिघांनाही त्यांचे उत्तर एकच आहे. असे मानले तर चोराच्या चोरीची जबाबदारी त्याच्यावर राहत नाही. हे करावे, ते करू नये, असे सांगण्यात अर्थ उरत नाही आणि प्रयत्नही संपतो.

सगळेच आपल्या हाती असते, असा याचा अर्थ नाही. जन्म आपल्या हाती नसतो. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यात बाबासाहेबांनी नेमका हाच भेद केला. हिंदू म्हणून जन्मलो हे हाती नव्हते, पण हिंदू म्हणून मरणार नाही, असे त्यांनी जाहीर केले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात त्यांनी धम्मदीक्षा घेतली. मधली एकवीस वर्षे अभ्यासाची आणि प्रयत्नांची होती. पिढ्यान्‌पिढ्या 'नशिबाचे भोग' म्हणून जे गप्प बसविले गेले, त्यांनी त्या दिवशी स्वतः निर्णय घेतला.

विद्यार्थी मित्रांनो, माझ्या मुलाने अखेर फॉर्म भरला. निकाल काय लागेल, ते मला ठाऊक नाही. पण पहाटे त्याच्या खोलीत दिवा लागतो, तो त्याने स्वतः लावलेला असतो. आजीचा तो कागद कोरा होता. आपलाही कोराच आहे. त्यावर लिहिण्याचे काम आपले आहे.

नमो बुद्धाय. जयभीम.