बोटावरील प्रकाश आणि रक्तातील प्राणवायू
(वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले व्याख्यान)



माझा विषय शास्त्रीय असला तरी आपणांस अपरिचित नाही. २०२० व २०२१ सालच्या महामारीत पल्स ऑक्सिमीटर हे चिमट्यासारखे उपकरण अनेक घरांत थर्मामीटरशेजारी येऊन बसले.

त्यातून तांबडा व अवरक्त असे दोन प्रकाश आळीपाळीने बोटात सोडले जातात. प्राणवायूयुक्त हिमोग्लोबिन अवरक्त प्रकाश अधिक शोषते. प्राणवायू सोडलेले हिमोग्लोबिन तांबडा. उरलेला प्रकाश पलीकडचा संवेदक मोजतो. परंतु हाड, मांस, त्वचा हीही प्रकाश अडवितात. मग रक्ताचा वाटा निराळा कसा काढावयाचा? जपानी अभियंते ताकुओ आओयागी यांनी १९७४ साली त्याचा मार्ग दाखविला. नाडीच्या ठोक्यागणिक धमनीतील रक्त कमीअधिक होते, बाकीचे बव्हंशी स्थिर राहते. म्हणून नाडीबरोबर हलणारा प्रकाशच तेवढा हिशेबात धरावा.

तथापि पडद्यावरील आकडा अखेर माणसांवर घेतलेल्या चाचण्यांशी जुळवून ठरतो. त्वचेतील मेलॅनिन तांबडा प्रकाश अधिक शोषते, आणि येथेच दोष राहून गेला. अमेरिकेतील मिशिगन येथील डॉक्टरांनी २०२० साली रुग्णालयातील नोंदी तपासल्या. ऑक्सिमीटर ९२ ते ९६ टक्के दाखवीत असता धमनीतील रक्तात प्राणवायू ८८ टक्क्यांहून कमी निघाला, असे गौरवर्णी रुग्णांच्या तपासण्यांत ३.६ टक्के, तर कृष्णवर्णी रुग्णांच्या तपासण्यांत ११.७ टक्के वेळा घडले. तेथील औषध प्रशासनाच्या २०१३ सालच्या सूचनेप्रमाणे दहा माणसांच्या चाचणीत दोन कृष्णवर्णी असली की पुरत असे. २०२५ च्या मसुद्यात निदान दीडशे माणसे, सर्व वर्णछटांची, असावीत असे सुचविले आहे.

वर्णाची चर्चा आपल्याकडे बहुधा वधूवर पाहताना होते. येथे मात्र तिचा संबंध थेट श्वासाशी आहे. आपल्या देशात त्वचेच्या किती छटा! त्या साऱ्यांवर पारखलेले उपकरणच आपण मागितले पाहिजे, आणि अशा चाचण्यांसाठी स्वयंसेवक हवे असतील तेव्हा आपल्या तरुणांनी पुढे व्हावे.

तोवर एवढे ध्यानात असू द्यावे. बोट उबदार असावे, नखाला रंग नसावा, हात स्थिर ठेवावा. एका आकड्यापेक्षा दिवसागणिक होणारी घट महत्त्वाची. आणि आकडा चांगला असूनही धाप लागत असेल, तर विश्वास धापेवर ठेवावा आणि डॉक्टरांकडे जाण्यास विलंब करू नये.