आठ नॉब आणि पेटीचा भाता
(गणेशोत्सवात तरुण वादकांसमोर केलेले भाषण)



आपल्या कार्यक्रमांत पूर्वी साथीला पेटी असायची. आता लॅपटॉपमधला सिंथेसायझर आणि त्याला जोडलेला छोटा मिडी कीबोर्ड असतो. सिंथेसायझरमध्ये बदलता येण्याजोग्या गोष्टी शंभरावर, आणि हाताशी नॉब मात्र आठ. कोणता नॉब कशाला द्यायचा, एवढाच आजचा विषय. ज्येष्ठांनी कंटाळू नये. प्रश्न शेवटी साथीचाच आहे.

आधी माझी चूक सांगतो. पहिल्या वर्षी मी हौसेने आठही नॉब भरून टाकले. जे फिरवल्यावर मोठा फरक पडतो, ते सगळं घेतलं. त्यात ट्यूनिंगही होतं. एक काकू अभंग गात होत्या. अंतऱ्याला आवाज वाढवायला गेलो आणि हात पडला शेजारच्या नॉबवर. सूर एकदम अर्ध्या स्वराने चढला. काकू क्षणभर थांबल्या, टाळ चालूच राहिले. मग डोळे मिटून त्यांनी आपला षड्ज धरला आणि पुढे गायल्या. मी हात उचलून गप्प बसलो. नंतर त्या इतकंच म्हणाल्या, "अरे, पेटीला असलं बटण नसतं, तेच बरं."

खरंच, पेटीवाल्याच्या डाव्या हातात काय असतं? फक्त भाता. पट्टी गाण्याआधीच ठरलेली असते. तोच नियम मी घेतला: गाणं चालू असताना जे बदलावं लागतं तेच नॉबवर, जे आधी ठरतं ते प्रीसेटमध्ये.

मिडी ही वाद्यांची सामायिक भाषा १९८३ साली आली. तिच्यात नियंत्रणांना क्रमांक असतात. ७ म्हणजे व्हॉल्यूम, ११ म्हणजे एक्स्प्रेशन. व्हॉल्यूम ध्वनिव्यवस्थेशी जुळवून एकदाच ठेवा. एक्स्प्रेशन हा आपला भाता. तो पहिल्या नॉबवर, पायाचं पेडल असेल तर तिथेच. दुसऱ्यावर फिल्टरचा कटऑफ, क्रमांक ७४: त्याने आवाज उजळतो किंवा मंदावतो. तिसऱ्यावर ॲटॅक, म्हणजे स्वर हळूच उमटावा की झटकन. चौथ्यावर रिलीज, म्हणजे बोट उचलल्यावर स्वर किती रेंगाळावा. द्रुत लयीत तो कमी हवा, नाहीतर स्वर एकमेकांत मिसळतात. कंप मॉड्युलेशन व्हीलवर ठेवा. रेझोनन्स मंचावर नको. वाढला की आवाज शिट्टीसारखा कर्कश होतो.

उरलेले चार नॉब? रिकामे ठेवा. चुकून हात लागला तरी काही बिघडत नाही.

आणखी तीन गोष्टी. मूल्यं ० ते १२७ असतात, पण सगळी मोकळी सोडू नका. कटऑफ शून्यावर गेला तर आवाजच नाहीसा होऊ शकतो. म्हणून कानाने ऐकून दोन्ही टोकं बांधा. सॉफ्टवेअरमध्ये 'पिकअप'ची सोय असेल तर ती चालू ठेवा, म्हणजे नॉब हलवताच आवाज उडी मारणार नाही. आणि बासरी असो वा व्हायोलिन, प्रत्येक आवाजाला नॉबचा क्रम तोच ठेवा. तेव्हाच हाताला सवय लागते आणि डोळे गाणाऱ्याकडे राहतात.

काकू यंदाही गाणार आहेत. साथीला तुमच्यापैकीच कोणीतरी बसेल. त्याने चारच नॉब घेऊन बसावं, ही विनंती.

गणपती बाप्पा मोरया!