एक्झेटरचे टेबल आणि आपले बाक

(संस्थेच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)





आज मी आपल्याला एका परदेशी शाळेची हकीकत सांगणार आहे. परदेशाची थोरवी गाण्याचा माझा हेतू नाही. त्या शाळेच्या इतिहासात एक मुलगा आहे, आणि तशी मुले माझ्या वर्गात रोज बसतात, म्हणून हा विषय घेतला.

अमेरिकेच्या न्यू हॅम्पशायर राज्यात एक्झेटर नावाचे गाव आहे. तेथील जॉन फिलिप्स या सधन गृहस्थाने १७८१ साली 'फिलिप्स एक्झेटर अकादमी' स्थापन केली. मुलांना कॉलेजसाठी तयार करणाऱ्या अशा खाजगी शाळांना तिकडे 'प्रेप स्कूल' म्हणतात. त्याच्या पुतण्याने तीन वर्षे आधी अँडोव्हर येथे अशीच शाळा काढली होती, आणि या दोन शाळांची फुटबॉलमधली चुरस १८७८ पासूनची आहे. लायक मुलगा कोठूनही येवो, त्याला दार सारखेच उघडे असावे, असे फिलिप्सने दानपत्रात लिहून ठेवले.

१७९६ साली या शाळेत डॅनियल वेब्स्टर नावाचा चौदा वर्षांचा शेतकऱ्याचा मुलगा दाखल झाला. अभ्यास त्याला जमे. परंतु सर्वांसमोर उभे राहून भाषण म्हणून दाखविणे काही केल्या जमेना. खोलीत तो ते पुन्हा पुन्हा म्हणत असे. नाव पुकारले, सर्वांचे डोळे वळले, की जागेवरून उठवत नसे. नंतर खोलीत जाऊन रडत असे. हाच मुलगा पुढे अमेरिकेचा नामांकित वक्ता, सेनेटर व परराष्ट्रमंत्री झाला, आणि ही हकीकत त्याने स्वतःच लिहून ठेवली आहे. अर्थात, तसेच रडून गेलेल्या आणि पुढे कोणीच न झालेल्या मुलांच्या हकिकती कोणी लिहिल्या नाहीत.

१९३० साली एडवर्ड हार्कनेस या धनिकाने शाळेला ५८ लाख डॉलर दिले; मात्र शिकविण्याची रीत बदलावी, ही त्याची इच्छा होती. बुजरा, मध्यम बुद्धीचा मुलगाही बोलू शकेल असा वर्ग त्याला हवा होता. त्यातून निघाले लंबवर्तुळाकार मोठे टेबल. त्याभोवती सुमारे बारा विद्यार्थी बसतात आणि शिक्षकही त्याच टेबलाशी. शेवटचा बाक नाही, लपायला जागा नाही! मुले घरी वाचून येतात आणि आपापसांत चर्चा करतात. गणिताचे सुद्धा तसेच: उदाहरण मुलाने फळ्यावर सोडवायचे आणि इतरांना समजावायचे. चूक झाली तर मुलेच ती शोधतात. वसतिगृहात शिक्षकही राहतात, त्यामुळे मास्तर वर्गाबाहेरही दिसतात. तेथील ग्रंथालय १९७१ साली उघडले. ते लुई कान यांनी बांधले. अहमदाबादच्या आयआयएमची इमारतही त्यांचीच.

त्या शाळेतही खोट होती. 'कोठूनही येवो' म्हणणाऱ्या दारातून मुली आत आल्या १९७० साली! मुख्य दारावर लॅटिनमध्ये फक्त मुलांनाच बोलावणे कोरलेले होते. मुलींचा उल्लेख असलेली दुसरी ओळ १९९६ मध्ये आली. प्रवेश देताना घरची ऐपत पाहणार नाही, हे शाळेने २०२१ साली जाहीर केले.

आता आपल्या शाळेकडे येऊ. माझ्या नववीच्या वर्गात अठ्ठावन्न मुले आहेत. गेल्या वर्षी मी एका मुलीला प्रश्न विचारला. ती उभी राहिली, खाली मान घालून गप्प. "येत नाही तर बस खाली," मी म्हणालो. सहामाहीत तोच प्रश्न आला. तिचे उत्तर वर्गात सर्वांत चांगले होते. ती उत्तरपत्रिका तपासताना मला माझीच लाज वाटली.

लाखो डॉलर आपल्याकडे नाहीत, पण बाक सरकविता येतात. शनिवारी शेवटच्या तासाला आम्ही बाक गोल मांडतो. बारा जण चर्चेला बसतात, बाकीचे भोवती बसून ऐकतात. पुढल्या शनिवारी दुसरे बारा. पहिले दोन शनिवार नुसती शांतता, आणि बाक ओढण्याच्या आवाजाबद्दल शेजारच्या वर्गाची तक्रार. तिसऱ्या शनिवारी ती मुलगी एक वाक्य बोलली, अर्धे मराठीत, अर्धे घरच्या बोलीत. एक मुलगा हसला. मी रागावणार, इतक्यात दुसरी मुलगी त्याला म्हणाली, "मग तू सांग." त्याला सांगता आले नाही. मग त्या मुलीने पुढचे वाक्य पुरे केले.

पालकांनो, आपल्या घरी दस्तरखानावर मूल काही विचारू लागले, की "मोठ्यांच्या मध्ये बोलू नकोस" हे आपण किती सहज म्हणतो! मीही म्हणतो. तेच मूल सकाळी माझ्या वर्गात येते आणि मी म्हणतो, "बोल."

हा शनिवारचा तास पाहायला आपण जरूर या. मागे बसायला खुर्च्या ठेवल्या आहेत. विनंती एकच: आपल्या मुलाची पाळी आली की मागून त्याला खुणावू नका.