शिंकांचा हिशेब



काही वर्षांपूर्वी खानापूर तालुक्याच्या पूर्वेकडच्या माळावरचे एक शेतकरी माझ्याकडे यायचे. वय साठीच्या आसपास. पापण्या सुजलेल्या, मानेची कातडी जाड होऊन काळवंडलेली, कोपराच्या खोबणीत खाजवून खाजवून झालेल्या जखमा. मी मलम दिलं. चार दिवस बरं वाटलं, पुन्हा उठलं. दुसरं दिलं, तिसरं दिलं. चौथ्या खेपेला त्यांच्यासोबत त्यांच्या घरच्या आल्या आणि दाराजवळच्या बाकावर बसल्या. मी चिठ्ठी लिहायला घेतली, तशा त्या म्हणाल्या, "डॉक्टर, एक सांगू काय? मुंबईला थोरल्याकडं गेलो की आठ-पंधरा दिवसांत ह्यांचं तोंड साफ होतंय. परत आलो की पुन्हा सुरू. गावचं पाणीच बाधतंय म्हणायचं काय?"

मी पेन खाली ठेवलं. विचारत गेलो तेव्हा कळलं, की त्रास दर पावसाळ्यात वाढतो आणि त्याच दिवसांत हे गृहस्थ बांधावरचं काँग्रेस गवत उघड्या हातांनी उपटत असतात. तीन मलमं लिहिणाऱ्या मला जो प्रश्न सुचला नाही, त्याचं उत्तर त्या माउलीजवळ तयार होतं. विचारलं कुणी नव्हतं, एवढंच.

आज मी तुम्हांला अशा एका डॉक्टरांची गोष्ट सांगणार आहे, ज्यांनी हे विचारण्याचं काम सत्तर वर्षं केलं. ते आपल्याकडचे नव्हेत, इंग्लंडचे. पण त्यांच्याकडे जाण्याआधी आपल्याच भाषेतला एक शब्द घेऊ: बिब्बा.

बिब्बा उतणं म्हणजे काय, हे आपल्याकडे आजीपासून नातवापर्यंत सगळ्यांना ठाऊक असतं. एकाच घरात दोघांच्या अंगाला बिब्ब्याचं तेल लागतं. एकाला नुसता डाग पडतो, दुसऱ्याचं अंग फोडांनी भरून जातं. आपल्या जांबोटी-कणकुंबीकडच्या काजूंचंही तेच. काजू, आंबा आणि बिब्बा ही एकाच कुळातली झाडं. काजूच्या टरफलातलं तेल कातडी जाळतं, म्हणून बिया फोडणाऱ्या बायका हाताला राख किंवा तेल चोळून बसतात. तेल तेच, काम तेच. तरी एखादीला असा त्रास होतो, की पुढे नुसत्या स्पर्शानं हात सुजतात. वस्तू निरुपद्रवी असो की थोडी जहाल, एखाद्याचंच शरीर तिला वैरी मानून मर्यादेबाहेर लढायला उठतं. १९०६ साली व्हिएन्नाच्या क्लेमेन्स फॉन पिर्के या बालरोगतज्ज्ञानं शरीराच्या या बदललेल्या वागण्याला 'ॲलर्जी' हे नाव दिलं. आपल्याकडे 'उतणं' त्याच्या कितीतरी आधीपासून होतं.

आता ते डॉक्टर. नाव विल्यम फ्रँकलंड. जन्म १९ मार्च १९१२, जुळ्या भावासोबत. बालपण इंग्लंडच्या उत्तरेकडच्या डोंगराळ भागात गेलं. गवत कापणीच्या दिवसांत शेतात गेलं, की या मुलाचे डोळे चुरचुरायचे, नाक वाहायला लागायचं. पुढे आयुष्यभर ज्याचा पाठपुरावा केला, तो आजार असा घरचाच होता. लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयातून ते १९३८ मध्ये डॉक्टर झाले, महायुद्ध सुरू होताच सैन्यात गेले आणि १९४१ च्या अखेरीस सिंगापूरला पोचले. तिथे दोन रुग्णालयांत दोन डॉक्टर हवे होते. कोणी कुठे जायचं, यासाठी नाणं उडवलं. फ्रँकलंड यांच्या वाट्याला टँगलिनचं रुग्णालय आलं, सोबत्याच्या वाट्याला अलेक्झांड्रा. फेब्रुवारी १९४२ मध्ये जपानी सैन्यानं अलेक्झांड्रा रुग्णालयात शिरून डॉक्टर आणि रुग्णांची कत्तल केली. तो सोबती त्यात गेला. फ्रँकलंड वाचले, पण पुढची साडेतीन वर्षं त्यांनी युद्धकैदी म्हणून उपासमारीत काढली.

परत आल्यावर ते सेंट मेरीजमध्येच रुजू झाले आणि ॲलर्जी विभागात जॉन फ्रीमन यांच्या हाताखाली काम करू लागले. याच रुग्णालयात १९११ साली लेनर्ड नून यांनी परागकणांचा अर्क अगदी थोड्या, पण वाढत्या मात्रेनं टोचून शरीराला त्याची सवय लावण्याचा प्रयोग मांडला होता. इंजेक्शनं दिली जात होती, लोक बरं वाटतं म्हणत होते. पण बरं वाटतं ते औषधानं, की डॉक्टरनं सुई टोचली या समाधानानं? फ्रँकलंड यांनी सुमारे २०० रुग्णांचे गट पाडले. काहींना खरा अर्क, काहींना नावापुरतं इंजेक्शन. आपल्याला यातलं काय मिळालंय, हे रुग्णांना कळू दिलं नाही. १९५४ साली निकाल छापून आला: खरा अर्क मिळालेल्यांना स्पष्टपणे अधिक फायदा झाला होता. आज नवं औषध वापरात आणण्याआधी सहसा अशी परीक्षा घेतली जाते. ॲलर्जीच्या क्षेत्रात ही शिस्त लावणाऱ्या सुरुवातीच्या लोकांत ते होते.

त्याच रुग्णालयात पेनिसिलिनचा शोध लावणारे अलेक्झांडर फ्लेमिंग होते आणि काही काळ फ्रँकलंड त्यांच्या हाताखालीही होते. साऱ्या जगाला त्या औषधाचं अप्रूप असताना, त्याचीही ॲलर्जी होऊ शकते, हे फ्रँकलंड बजावत राहिले. म्हणून श्रोतेहो, कुठल्याही औषधानं पूर्वी अंगावर पित्त उठलं असेल, धाप लागली असेल, तर सुई टोचून घेण्याआधी ते सांगा. डॉक्टरनं विचारलं नाही तरी सांगा.

या माणसानं स्वतःच्या शरीरालाही सोडलं नाही. दक्षिण अमेरिकेतला एक रक्तपिपासू ढेकूण ते दर आठवड्याला स्वतःच्या हाताला चावून घेत. हळूहळू सवय होते का, की उलटच होतं, हे बघायचं होतं. सात आठवडे निभावलं. आठव्या चाव्याला क्षणात अंग सुजलं, श्वास कोंडला, रक्तदाब घसरला. जवळ अॅड्रेनॅलिन होतं म्हणून जीव वाचला. गांधीलमाशी चावल्यावर किंवा काही खाल्ल्यावर जीभ-ओठ सुजले, दम कोंडला, चक्कर आली, तर तो हाच प्रकार. तेव्हा कांदा चोळत बसू नका, भगताकडे जाऊ नका. मिळेल त्या गाडीनं दवाखाना गाठा. मांडीत वेळेवर दिलेलं अॅड्रेनॅलिन माणसाला मागे खेचून आणतं.

पण त्यांचं सगळ्यांत मोठं काम याहून साधं आहे. ते मोजत बसले. चोवीस तास हवा ओढणारं एक यंत्र, आत चिकट पट्टी. तिच्यावर हवेतले परागकण येऊन बसतात. दुसऱ्या दिवशी ती पट्टी सूक्ष्मदर्शकाखाली धरायची आणि गवताचे किती, झाडांचे किती, बुरशीचे किती, असं एकेक मोजायचं. १९५० च्या दशकात हा उद्योग सुरू झाला आणि १९६३ पासून रोजचे आकडे लोकांना मिळू लागले. हवामानाच्या अंदाजाशेजारी परागांचा अंदाज येऊ लागला. शिंका खाणारा माणूस सकाळी ठरवू शकत होता, की आज खिडकी उघडायची की नाही.

सगळंच ॲलर्जीच्या खाती टाकायचं नाही, हेही ते शिकवत. १९७९ मध्ये त्यांना इराकमधून बोलावणं आलं. रुग्ण होता सद्दाम हुसेन. ॲलर्जीचा दमा म्हणून उपचार चालले होते. फ्रँकलंड यांनी विचारपूस केली. गडी रोज चाळीसेक सिगारेटी ओढत होता. ॲलर्जी-बिलर्जी काही नाही, सिगारेट सोडा, असं ते तोंडावर सांगून आले. आपल्या निपाणीच्या वखारीत तंबाखूचा खकाणा नाकात गेला, की सगळेच ठसकतात. ती प्रत्येकाची ॲलर्जी नसते. धुरळ्यानं, धुरानं छाती खवळलेली असते. तिथे उपाय गोळीत नाही, तोंडावरच्या फडक्यात आणि उघड्या खिडकीत आहे.

१९७७ मध्ये ते सेंट मेरीजमधून निवृत्त झाले आणि दुसऱ्या रुग्णालयात, गाय्जमध्ये, पुढची वीस वर्षं बिनपगारी काम करत राहिले. शंभरी ओलांडल्यावरही त्यांचे शोधनिबंध छापून येत होते. २ एप्रिल २०२० रोजी कोविडच्या साथीत ते गेले, तेव्हा वय होतं १०८.

आता आपल्याकडे येऊ. काँग्रेस गवत किंवा गाजर गवत मूळचं अमेरिका खंडातलं. पुण्यात त्याची नोंद १९५६ मध्ये झाली. आयात गव्हातून ते आलं, असं सर्रास मानलं जातं. त्यामुळे होणाऱ्या त्वचारोगावर पुण्याचे डॉ. लोणकर आणि त्यांचे परदेशी सहकारी यांनी १९७४ मध्ये सविस्तर लिहिलं. पुढे बंगळूरमध्ये त्याच्या परागांनी होणाऱ्या सर्दीचा अभ्यास झाला. म्हणजे दोन्ही बाजूंनी आपल्या वेशीपर्यंत ज्ञान आलेलं आहे. पण खानापुरात कोणत्या महिन्यात कोणतं गवत फुलतं आणि कोणाला शिंका येतात, ते लंडनचं यंत्र सांगणार नाही.

ते आपणच लिहून ठेवायचं. आपल्याकडे दसऱ्याआधी घरातल्या सगळ्या वाकळा-चादरी मलप्रभा नदीवर नेऊन धुण्याची रीत आहे. पावसाळाभर ओलीला राहिलेल्या अंथरुणात डोळ्यांना न दिसणारे धूळकिडे वाढतात. घरातल्या धुळीनं येणाऱ्या शिंकांमागे हे किडे असतात, हे १९६० च्या दशकात हॉलंडच्या शास्त्रज्ञांनी दाखवलं. आपल्या आज्यांना किडे दिसले नव्हते, पण धुवायचं कधी, ते नेमकं कळलं होतं. आता वाकळ धुतल्यावर पहाटेच्या शिंका कमी झाल्या का? भादव्यात गवत फुललं की वाढल्या का? पाहुणे म्हणून दुसऱ्या गावी गेलात तेव्हा काय झालं? भिंतीवरच्या कॅलेंडरात दुधाचा हिशेब मांडताच ना? त्याच चौकोनात एक खूण करा.

त्या शेतकऱ्यांचं पुढे काय झालं, ते सांगून थांबतो. गवत फुलायच्या आधी, पूर्ण बाह्यांचा सदरा आणि हातमोजे घालून, मुलानं उपटायचं, असं घरात ठरलं. शेतातून आल्या आल्या वडिलांनी आंघोळ करायची. मान पूर्वीसारखी नितळ झाली नाही, पण पापण्या उतरल्या. गेल्या खेपेला त्यांच्या घरच्या कॅलेंडरची चार पानं गुंडाळून घेऊन आल्या. दुधाच्या लिटरांशेजारी पेन्सिलीनं 'ख' लिहिलेलं. ख म्हणजे खाज. श्रावणात जवळजवळ रोज एक ख. भाद्रपदात मधले बारा चौकोन कोरे. मी विचारलं, "हे काय?"

"मुंबईला गेलो होतो न्हवं," त्या म्हणाल्या. "दूधबी बंद होतं तेव्हा."