फॅक्स गेला का, हे संगणकाला विचारू नका

(महासंघाच्या मानवत येथील मासिक सभेत बोलले ते इथं लिहून देते आहे. त्या दिवशी हळदी काढणीमुळे बऱ्याच जणींना येता आलं नव्हतं. बोलले तसंच ठेवलंय, फार नीटनेटकं केलेलं नाही.)



आज मला गटाच्या व्यवसाय आराखड्यावर बोलायचं होतं. ते पुढच्या महिन्यात बोलू. आज मी माझ्या एका चुकीबद्दल बोलणार आहे, कारण ती चूक तुमच्यापैकी एका ताईच्या अंगावर आली. त्या ताई इथं बसल्या आहेत. त्यांना विचारूनच बोलते आहे. त्या म्हणाल्या, "बोला ना, दुसरीचं तरी वाचंल."

मागच्या वैशाखातली गोष्ट. ताईंची म्हैस पहाटे मेली. गटाच्या कर्जातून घेतलेली, बावीस हजारांची, विमा उतरवलेली. कानात बिल्ला होता. गटानं शिकवलं होतं ते सगळं ताईंनी केलं. आधी डॉक्टरांना बोलावलं, शवविच्छेदनाचा दाखला घेतला, सरपंचांसमोर पंचनामा केला, आणि बिल्ला कानासकट काढून डब्यात ठेवला. बिल्ला नाही तर दावा नाही, हे तुम्हाला सगळ्यांना पाठ आहेच. मग दुपारी तीन वाजता त्या उन्हातान्हात कागद घेऊन आपल्या कार्यालयात आल्या. विमा कंपनीला लेखी कळवायचं होतं आणि तेही लगेच, म्हणजे त्यांना वाटलं तर त्यांचा माणूस येऊन बघेल.

परभणीला हातानं कागद नेणारं त्या दिवशी कोणी नव्हतं. मी म्हटलं, काळजी कशाला करता, आपल्याकडे संगणक आहे, इथूनच फॅक्स करते. कागद स्कॅन केले, नंबर टाकला, 'सेंड'वर दाबलं. खिडकी आली, काहीतरी हललं आणि गेली. चार वाजता लाइट जाणार होती, भारनियमनाचं वेळापत्रक भिंतीलाच आहे. मला सव्वाचारची जीप गाठायची होती. मी म्हटलं, "गेला ताई. तुम्ही जा आता घरी."

तो गेलेलाच नव्हता.

तिसऱ्या दिवशी मी सहज कंपनीत फोन केला तर तिथले म्हणाले, आमच्याकडे असा काही कागद नाही. तोवर उन्हानं वास सुटला म्हणून म्हैस पुरून दोन दिवस झाले होते. मी संगणक उघडला. फॅक्सच्या 'आउटबॉक्स'मध्ये ताईंचे चारही कागद तसेच पडून होते आणि समोर लिहिलं होतं, 'नो डायल टोन'. आउटबॉक्स म्हणजे जायच्या कागदांचा ढीग. गेलेले कागद 'सेंट आयटम्स'मध्ये जातात. मी खिडकी बंद झाली एवढंच पाहिलं, कागद कुठल्या ढिगात आहे ते पाहिलं नाही. एमएसडब्ल्यूला दोन वर्षं घालवली, पण हे मला कोणी शिकवलं नव्हतं आणि मीही कधी विचारलं नव्हतं.

आता हे का झालं ते सांगते. नीट ऐका, कारण पुढच्या वेळी मी असेनच असं नाही.

आपल्या कार्यालयात मोडेम म्हणावं अशा दोन गोष्टी आहेत. एक टेबलावरचा डबा, ज्याचे हिरवे दिवे लुकलुकतात. तो ब्रॉडबँडचा. बीएसएनएलचं ब्रॉडबँड २००५ साली सुरू झालं, आपल्याकडे ते बरंच उशिरा आलं. दुसरा मोडेम दिसतच नाही. तो संगणकाच्या पोटात बसवलेला आहे, मागच्या बाजूला त्याची दोन भोकं तेवढी बाहेर दिसतात. फॅक्स जातो तो या पोटातल्या मोडेममधून. दिव्यांच्या डब्याचा आपल्या फॅक्सशी काही संबंध नाही. त्या दिवशी मी त्या डब्याकडे बघून म्हणत होते, "सगळे दिवे हिरवे आहेत, मग अडचण काय?"

दोघांचं काम वेगळं आहे. फॅक्समध्ये कागदाची बारीक बारीक ओळ करून वाचली जाते. एका आडव्या ओळीत १७२८ ठिपके, प्रत्येक ठिपका काळा की पांढरा एवढंच बघायचं. मग मोडेम त्याचा आवाज करतो, आणि तो आवाज आपण बोलतो तसाच फोनच्या तारेतून जातो. तिकडचं यंत्र तो आवाज ऐकून पुन्हा ठिपके काढतं. कल्पना काही आजची नाही. स्कॉटलंडमधल्या अलेक्झांडर बेन नावाच्या एका घड्याळजीनं १८४३ साली अशा यंत्राचं पेटंट घेतलं, म्हणजे बेलच्या टेलिफोनच्याही तेहतीस वर्षं आधी. असो. ब्रॉडबँड त्याच तारेतून जातं, पण आपल्या कानाला ऐकूच येणार नाही इतक्या उंच पट्टीत. म्हणून नेट चालू असतानाही फोनवर बोलता येतं.

आता ती छोटी पांढरी डबी आठवा, भिंतीपाशी लटकते ती. तिला स्प्लिटर म्हणतात. ती आपली चाळणी समजा. बाहेरची तार तिच्या 'लाइन' भोकात येते. मग 'मोडेम' लिहिलेल्या भोकातून ब्रॉडबँडच्या डब्याकडे जाते, आणि 'फोन' लिहिलेल्या भोकातून बोलण्याचा आवाज निघतो. फॅक्स हाही आवाजच, म्हणून संगणकाची तार 'फोन'च्या भोकातूनच यायला पाहिजे. तिथून ती संगणकामागच्या 'लाइन' भोकात. आणि संगणकाच्या शेजारच्या 'फोन' भोकातून आपला टेलिफोन.

दिवाळीला आपण कार्यालयाला चुना दिला. टेबल हलवलं, तारा काढल्या आणि अंदाजानं परत खोचल्या. खोचणाऱ्यांत मीही होते. टेलिफोन थेट स्प्लिटरला लागला आणि संगणकाची तार टेबलामागं लोंबत राहिली. गंमत बघा, फोन लागत होता, नेट चालत होतं, म्हणून सहा महिने कोणाला काही कळलं नाही. त्या काळात आपण एकही फॅक्स केला नव्हता, कागद हातोहात जायचे. पहिली गरज पडली ती ताईंना.

तार सापडली, खोचली, मला वाटलं झालं. पुन्हा पाठवला. पुन्हा गेला नाही! पण या वेळी मी संगणकाचा आवाज वाढवलेला होता. कंट्रोल पॅनेलमध्ये 'फोन अँड मोडेम ऑप्शन्स' असतं, तिथं मोडेमच्या आवाजाची पट्टी आहे. आमच्याकडे कोणीतरी ती कटकट नको म्हणून बंद करून टाकली होती. तुम्ही ती कधीही बंद करू नका. फॅक्सचा आजार कानानं कळतो.

काय ऐकू यायला पाहिजे ते सांगते. आधी 'गुंऽऽ' असा टोन, आपण रिसीव्हर उचलल्यावर येतो तसाच. मग नंबर दाबल्याचे टिकटिक सूर. मग तिकडं घंटी. मग तिकडून एक लांब 'पींऽऽ'. मग दोन्ही यंत्रं बोलायला लागली की खरखर, आणि मग शांत. शांत झालं म्हणजे कागद जातो आहे. पहिला 'गुं'च आला नाही तर तार बघा किंवा रिसीव्हर उचलून फोनच मेला आहे का ते बघा. टोन आला, टिकटिक झाली आणि लगेच कोणी बाई रेकॉर्डवर बोलायला लागली तर नंबर चुकला किंवा एसटीडीला कुलूप आहे. आपल्या फोनला आपणच कुलूप लावलंय, बिल वाढतं म्हणून. गावातल्या गावात लागतो, पण ०२४५२ लावून परभणीला लागत नाही. कुलपाचा आकडा अध्यक्षताईंकडे आहे. आणि जुन्या वहीतले नंबर बघून घ्या, काहींपुढे अजून ९५ लिहिलेलं आहे, ते आता लागत नाही.

त्या दिवशी मी काय ऐकलं? टोन आला, नंबर गेला, घंटी वाजली, आणि संगणकातून माणसाचा आवाज आला. "हॅलो... हॅलो... कोन बोलतंय?... अहो बोला की!" आणि धाडकन फोन ठेवला.

मी हसले. नंतर रडायला आलं.

त्या कार्यालयात फोन आणि फॅक्स एकाच नंबरवर आहेत. आपल्या भागात बहुतेक कार्यालयांत तसंच असायचं. तुम्ही एसटीडी बूथवरून फॅक्स केलेला असेल तर आठवेल, बूथवाला आधी बोलायचा, "साहेब, फॅक्सचा टोन द्या." तिकडचा माणूस बटण दाबायचा आणि मग कागद जायचा. संगणकाला 'टोन द्या' म्हणता येत नाही. तो नुसता दर तीन सेकंदांनी 'टूं' करतो. तिकडच्या माणसाला वाटतं राँग नंबर आहे. त्यानं त्या वेळी यंत्राचं 'स्टार्ट' बटण दाबलं असतं तरी कागद आला असता. पण त्याला तरी कोणी सांगितलंय?

मग मी साधा फोन लावला. म्हटलं, "दादा, मानवतहून महिला बचत गटाच्या महासंघातून बोलते. संगणकावरून चार पानांचा फॅक्स पाठवते आहे. पुढची दहा मिनिटं फोन उचलू नका, यंत्रालाच उचलू द्या." ते म्हणाले, "बरं, ऑटोवर टाकतो." आणि फॅक्स गेला. एका पानाला मिनिटभर लागलं असेल. तीन दिवस आणि चार मिनिटं.

अजून दोन-तीन गोष्टी राहिल्या, त्या भराभर सांगते. फॅक्स जात असताना शेजारच्या खोलीतला जोडफोन कोणीही उचलायचा नाही. घरमालकांच्या नातवानं एकदा उचलला आणि अर्धं पान तिकडं गेलं. फोनला कॉल वेटिंग असेल तर मध्येच येणाऱ्या 'बीप'नंही तुटतं, ती सोय बंद करून घ्या. कागद स्कॅन करताना रंगीत करू नका, काळापांढरा करा. रंगीत पान फार वेळ घेतं आणि शिक्क्याजागी नुसता काळा डाग उमटतो. पावसाळ्यात लाइन खरखरत असेल तर फॅक्सचा वेग कमी करून पाठवा, हळू जातो पण जातो. अंगठा किंवा शिक्का नीट दिसायला हवा असेल तर 'फाइन' निवडा. आणि वळवाचा पाऊस दिसला, वीज कडाडायला लागली, की संगणक बंद करून भागत नाही. भिंतीतली फोनची पिनसुद्धा काढा. वीज फोनच्या तारेतूनही येते आणि आधी मोडेम जाळते.

लाइट जायला अर्धा तास उरला असेल तर फॅक्स लावूच नका. एकदा नाही गेला तर संगणक थोड्या वेळानं आपणहून पुन्हा प्रयत्न करतो, पण तो चालू असेल तरच ना. आमचा यूपीएस पंधरा मिनिटं टिकतो, आणि त्या दिवशी संगणक बंद करून मी जीपमध्ये बसले होते.

तुम्ही विचाराल, ताईंच्या दाव्याचं काय झालं? कंपनीनं 'उशिरा कळवलं' म्हणून शेरा मारला आहे. डॉक्टरांच्या दाखल्यावर तारीख आणि वेळ आहे, बिल्ला जमा केला आहे, आउटबॉक्समध्ये त्या दिवशीची नोंद होती तिचा कागद काढून मी सोबत जोडला, आणि चूक माझी होती असं माझ्या सहीनं लिहून दिलं. अजून निकाल आलेला नाही. ताईंच्या गटानं ठराव करून तीन हप्ते पुढं ढकलले. म्हैस नाही तर दूध नाही, दूध नाही तर हप्ता कुठून भरणार, हे गटातल्या बायांना बँकेपेक्षा लवकर कळलं. त्या ठरावावर पहिला अंगठा ज्या मावशींचा आहे त्यांचंही कर्ज मागं पडलंय, तरी त्यांनी केला.

आता कार्यालयात टेबलावर एक वही बांधून ठेवली आहे, सुतळीनं, म्हणजे कोणी नेणार नाही. तिच्यात पाच रकाने आहेत: तारीख, कोणाचा कागद, किती पानं, 'सेंट आयटम्स'मध्ये दिसला का, आणि शेवटचा, तिकडं फोन करून कोणी 'मिळाला' म्हणालं त्यांचं नाव. शेवटचा रकाना भरल्याशिवाय कोणत्याही ताईला 'घरी जा' म्हणायचं नाही. मीसुद्धा नाही. कोणी म्हटलं तर तुम्ही तिथंच बसा आणि वही मागा.

वहीतली पहिली नोंद ताईंच्याच दुसऱ्या कागदाची आहे. तो फॅक्स करायच्या आधी फोन त्यांनीच लावला. मी नुसती शेजारी उभी होते. "हालो, मानवतहून बोलते. बाई बोलती हाव, संगणक न्हाई. फॅक्सचा टोन द्या." तिकडून दिला.

येत्या मंगळवारी अकरा ते एक लाइट असते. प्रत्येक गटातून एक जण या, शक्यतो सचिव नको, दुसरी कोणी या. आपण सगळ्या तारा काढून ठेवू आणि तुम्हीच परत लावायच्या. येताना चष्मा असेल तर आणा, भोकांवरची अक्षरं बारीक आहेत.