अडलेला प्रवास आणि ख्रिस्ती दिलासा



या व्यासपीठावर दरवर्षी विद्वान मंडळी येतात. मी पडलो कामगार संघटनेचा माणूस. शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण पाळी संपल्यावर नगरवाचनालयाच्या बाकावर झाले. शिवाय मी ख्रिस्ती नाही. तेव्हा प्रवास मध्येच अडला असता ख्रिस्ती माणसाला श्रद्धा आणि दिलासा कोठून मिळतो, या विषयाशी याचा काय संबंध, असे कोणाच्याही मनात येईल.

संबंध आहे तो असा. ‘धीर धरा’ हे दोन शब्द मी तीस वर्षे ऐकत आलो आहे. पगार थकला, धीर धरा. कारखान्याला टाळे लागले, धीर धरा. हे शब्द बहुधा ज्याच्या घरी चूल पेटलेली असते तोच उच्चारतो. त्यामुळे दिलासा म्हटला की आम्हा मंडळींना प्रथम संशय येतो. हा संशय बाजूला न ठेवता, तो बरोबर घेऊनच मी बायबलातील ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाचा सत्ताविसावा अध्याय वाचला. त्यात एका फसलेल्या प्रवासाची हकीकत आहे.

इसवी सनाच्या ६० च्या सुमाराची ही गोष्ट. पौल नावाचा कैदी रोमला चालला होता. धंद्याने हा राहुट्या करणारा कारागीर; धर्मप्रचार करीत असतानाही हाताने काम करून पोट भरणारा. त्याने आपल्या खटल्याचा निकाल कैसराकडे मागितला होता, म्हणून यूल्य नावाच्या शताधिपतीच्या पहाऱ्यात त्याची रवानगी झाली. पुढे त्यांना आलेक्सांद्रियाचे, गहू भरलेले जहाज मिळाले. क्रेत बेटाच्या एका बंदरात पोहोचेपर्यंत हंगाम टळून गेला होता. पुढे जाणे धोक्याचे आहे, असे पौलाने सांगून पाहिले. पण शताधिपतीने तांडेल आणि जहाजमालक यांचे ऐकले. कैद्याचे कोण ऐकतो? हिवाळा काढायला ते बंदर गैरसोयीचे होते, म्हणून बहुमतही निघण्याच्याच बाजूचे पडले. दक्षिणेचा मंद वारा सुटला तेव्हा तर सर्वांना वाटले की, आपला बेत जमला.

मग वादळ आले. दुसऱ्या दिवशी माल समुद्रात गेला, तिसऱ्या दिवशी जहाजाचे सामान गेले. कित्येक दिवस सूर्य दिसला नाही, तारे दिसले नाहीत. होकायंत्र नसलेल्या त्या काळी तारे दिसेनासे होणे म्हणजे आपण कोठे आहोत हेच न कळणे. वाचण्याची आशा सर्वांनी सोडली. त्या वेळी पौल उभा राहिला. आपल्या देवाच्या दूताने रात्री आपल्याला अभय दिले आहे, असे त्याने सांगितले. एकाही माणसाचा प्राण जाणार नाही. जहाज मात्र जाईल.

या वाक्याचा उत्तरार्ध नीट ऐका. जहाज जाईल! म्हणजे ठरवलेला बेत पार पडेल असे वचन यात नाही. वादळ शमेल असेही नाही. हा दिलासा नुकसान झाकून ठेवीत नाही, आणि म्हणूनच माझ्यासारख्या संशयी माणसालाही तो ऐकावासा वाटतो.

चौदाव्या रात्री खलाशांना जमीन जवळ आल्याची चाहूल लागली. त्यांनी पाण्याची खोली मोजली, ती वीस वाव भरली. थोड्या वेळाने पंधरा. खडकावर आपटू या भीतीने त्यांनी मागून चार नांगर टाकले आणि उजाडण्याची वाट पाहू लागले. इतक्यात पुढचे नांगर टाकतो अशी सबब सांगून खलाशी होडी उतरवू लागले. जहाज सोडून पळण्याचा त्यांचा विचार होता. त्यांना मी एकदम दुष्ट म्हणणार नाही. दोन आठवड्यांच्या भीतीने माणसाचे काय होते हे आम्ही जाणतो. पण जहाज चालवण्याचे ज्ञान त्यांच्यापाशी होते. ते गेले असते तर मागे राहिलेले सारे बुडाले असते. पौलाने शिपायांना बजावले की, ही माणसे जहाजावर राहिली नाहीत तर तुम्ही वाचणार नाही. शिपायांनी होडीचे दोर कापले.

दूताने अभय दिले आहे म्हणून पौल हात जोडून स्वस्थ बसला नाही, हे आपल्या ध्यानात आले असेल. श्रद्धेने त्याला निजवले नाही. अधिक जागे केले. पहाट होताना त्याने सर्वांना अन्न घेण्याचा आग्रह केला. हाती भाकर घेतली, सर्वांच्या देखत देवाचे आभार मानले, ती मोडली आणि स्वतः खाऊ लागला. मग सर्वांना धीर आला आणि तेही जेवले. येथे लेखक आकडा देतो: जहाजावर आम्ही सर्व मिळून २७६ जण होतो. कैदी, शिपाई, खलाशी, सारे एकाच आकड्यात. आमच्या हजेरीपटावर कायम वेगळे आणि कंत्राटी वेगळे असतात. त्या पहाटेच्या हजेरीत असा भेद नाही.

दिवस उजाडला, जहाज वाळूत रुतले आणि मागून फुटू लागले. कैदी पळतील म्हणून त्यांना मारून टाकण्याचा शिपायांचा विचार झाला. शताधिपतीने तो मोडून काढला. पोहता येणारे आधी गेले, बाकीचे फळ्यांवरून तरले. सारे किनाऱ्याला लागले. ते बेट माल्टा. तेथल्या परक्या लोकांनी पाऊस आणि थंडी पाहून यांच्यासाठी शेकोटी पेटवली. तीन महिन्यांनी ते पुढे निघाले. रोममध्ये पौल दोन वर्षे आपल्या भाड्याच्या घरात पहाऱ्याखाली राहिला, आणि पुस्तक खटल्याचा निकाल न सांगताच संपते.

आता दुसरा प्रवास. इंग्लंडातील जॉन वेस्ली हा तरुण पाद्री १७३५ साली अमेरिकेतील जॉर्जियाकडे निघाला. त्याच जहाजावर मोरावियन पंथाचे काही जर्मन होते. इतर उतारूंची जी हलकी कामे इंग्रजांनी केली नसती, ती हे लोक मोबदला न घेता करीत. जानेवारी १७३६ मध्ये त्यांचे भजन चालू असताना लाट जहाजावर कोसळली, मोठे शीड फाटले, इंग्रज किंचाळू लागले. जर्मन गातच राहिले. वेस्लीने मागाहून विचारले, भीती वाटली नाही? उत्तर आले, नाही. आमच्या बायकामुलांनाही मरणाची भीती नाही. हे पाद्रीबुवा स्वतः मरणाला भीत होते. आपल्याजवळ नाही ते या साध्या माणसांजवळ आहे, हे त्यांना उमगले. ती श्रद्धा त्यांच्या अंतःकरणात उतरली २४ मे १७३८ रोजी, लंडनच्या एका सभेत. १७३९ पासून ते उघड्या मैदानात, कोळशाच्या खाणीतील मजुरांसमोर उभे राहू लागले.

तिसरा प्रवास मात्र मन अस्वस्थ करणारा आहे. मार्च १७४८ मध्ये जॉन न्यूटन नावाच्या खलाशाचे जहाज अटलांटिक महासागरात वादळात सापडले. बुडता बुडता त्याने देवाचा धावा केला, तो वाचला, आणि तेथून तो श्रद्धावान झाला. जगभर गायिले जाणारे ‘अमेझिंग ग्रेस’ हे भजन पुढे त्यानेच लिहिले. पण त्या वादळानंतर कित्येक वर्षे तो गुलामांची जहाजे चालवीत होता! वर तक्त्यावर कप्तान प्रार्थना करतो आणि खाली माणसे साखळदंडात. १७५४ मध्ये प्रकृतीमुळे त्याने समुद्र सोडला. त्या व्यापाराविरुद्ध त्याने पुस्तिका काढली ती १७८८ साली. वादळाला तेव्हा चाळीस वर्षे झाली होती. त्याची श्रद्धा खोटी होती असे मी म्हणत नाही. परंतु तिला वरच्या तक्त्यापासून खालच्या तळघरापर्यंत उतरायला चाळीस वर्षे लागली, आणि त्या वर्षांची किंमत तळघरातल्यांनी मोजली.

हे तिन्ही प्रवास शेजारी ठेवले म्हणजे परीक्षा आपोआप हाती येते. वादळात मिळालेला दिलासा खरा की खोटा, हे त्याने माझे मन किती शांत झाले यावरून ठरत नाही. त्या दिलाशाच्या हजेरीत किती माणसे धरली आहेत, यावरून ठरते.

ही परीक्षा केवळ जुन्या ग्रंथांसाठी नाही. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी झाली, प्रवासी गाड्या थांबल्या, आणि लाखो मजूर पायी गावाकडे निघाले. ८ मे २०२० च्या पहाटे औरंगाबाद जिल्ह्यात करमाडजवळ रुळांवर झोपलेले १६ मजूर मालगाडीखाली सापडून मेले. जालन्याहून ते भुसावळकडे गाडी गाठायला चालले होते. रुळांवर विखुरलेल्या त्यांच्या पोळ्यांची छायाचित्रे आपण सर्वांनी पाहिली. त्यांच्या घरच्यांना ‘देवाची इच्छा’ म्हणून सांगण्याची हिंमत मला तरी होत नाही. पौलालाही ती झाली असती असे वाटत नाही. कारण त्याच्या जहाजावर भाकर मोडली तेव्हा २७६ जण मोजलेले होते. आमच्या या सोळांना, निघण्यापूर्वी, कोणी मोजले होते?

म्हणून ख्रिस्ती बंधूंना मी एवढेच म्हणेन की, आपल्या ग्रंथातील हा दिलासा फार मोठा आहे. तो देवळाच्या भिंतीआड ठेवू नका. आणि माझ्या संघटनेतील मित्रांना सांगेन की, श्रद्धेला हसण्यापूर्वी हा अध्याय वाचा. संकटात माणसे एकत्र कशी ठेवावीत याचा इतका चांगला धडा मला दुसरीकडे क्वचित सापडला. गाडी चुकेल, वाट बंद होईल, जहाजही जाईल. त्या वेळी शेजारच्या अनोळखी माणसापुढे भाकर मोडून ठेवणारा जो असेल, त्याला ‘धीर धरा’ म्हणण्याचा अधिकार आहे.