उशिरा आलेला माल मुकाट्याने उचलू नका



कर्जाचा हप्ता चुकला की आपल्यावर दंड बसतो. आगाऊ पैसे घेऊन बियाणे महिनाभर उशिरा देणाऱ्याला मात्र आपण जाब विचारत नाही. नशिबाला दोष देतो आणि पोते उचलतो.

आम्ही शेतकी कॉलेजात शिकलो ते तुम्ही वावरात शिकलात. सोयाबीनची पेरणी जूनच्या मध्यापासून जुलैच्या मध्यापर्यंत साधली तर साधली. ऑगस्टात आलेले बियाणे कितीही उत्तम असो, त्या हंगामाला त्याचा उपयोग नाही.

१८७२ चा भारतीय करार कायदा याबाबत स्पष्ट आहे. कलम ७३ म्हणते, करार मोडल्याने सरळ होणारे नुकसान मोडणाऱ्याने भरून द्यावे. विशेष नुकसान हवे असेल, तर ते होईल याची जाणीव करार करतानाच दोघांना असली पाहिजे. हे तत्त्व इंग्लंडमधल्या १८५४ च्या खटल्यातले. ग्लॉस्टरच्या एका पिठाच्या गिरणीचा दांडा मोडला. तो पोचवायला वाहतूकदाराने उशीर केला आणि गिरणी बंद राहिली. तरी बुडालेला नफा मिळाला नाही. या दांड्यावाचून गिरणी बंद पडून राहील, हे वाहतूकदाराला सांगितलेलेच नव्हते, असे कोर्टाने धरले.

म्हणून आपण चार कामे करायची.

एक : पैसे भरताना पावतीवर लिहून घ्या, ‘माल अमुक तारखेच्या आत, खरीप पेरणीसाठी, वेळ हीच मुख्य अट.’

दोन : ती तारीख टळली तर करार रद्द करून माल नाकारता येतो. घ्यायचाच असेल तर घेतानाच लेखी कळवा, ‘उशिराच्या भरपाईचा हक्क राखून माल घेत आहोत.’ आणि पोच घ्या. न कळवता माल घेतला, तर कलम ५५ प्रमाणे त्या उशिराची भरपाई मागता येत नाही.

तीन : हातावर हात ठेवून बसू नका. दुसरीकडून बियाणे घ्या, पावती जपा. भावातला फरक मागता येतो. टाळता येण्याजोगे नुकसान कायदा देत नाही.

चार : बियाणे विकत घेणारा शेतकरी ग्राहक आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली सांगितले. जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करा. मालाची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही.

पुढच्या बैठकीला प्रत्येकाने आपल्या पावत्या आणाव्यात. ज्या पावतीवर तारीख नाही, तिच्यावर ती लिहून घ्यायला दुकानात आपण सगळे मिळून जाऊ.